चोराच्या मनातले चांदणे

पोलिसी तपासाची सुरुवात जागेपासून होते. गुन्हा कोणी केला हे ठाऊक नसते, का केला हेही ठाऊक नसते. हाताशी असते ती फक्त जागा. म्हणून पंचांना बोलावून घटनास्थळाचा पंचनामा होतो आणि खोलीची लांबी-रुंदी, दार कोणत्या दिशेला उघडते, कडी आतून होती की बाहेरून, पलंगावरची चादर कितपत विस्कटलेली होती, अशा साऱ्या गोष्टी त्या ठरीव, रुक्ष मराठीत कागदावर उतरतात. काही वर्षे मी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो आणि गुन्ह्यांच्या बातम्या बहुतेक माझ्याच टेबलावर येत. त्या कागदांचे कुतूहल मला तेव्हापासूनचे. त्यांत एक गोष्ट न लिहिता गृहीत धरलेली असते. जागा पाहणारा अधिकारी त्या जागेचा कोणी लागत नाही, तो तिऱ्हाईत असतो, आणि तिऱ्हाईत असल्यामुळेच त्याला दिसते. पण ज्याने जागा वाचायची त्याचाच गुन्हा तिथे दडलेला असेल, तर त्या वाचनाचे काय होते, या प्रश्नाने मला पुष्कळ छळले आहे, आणि त्याचे सर्वांत चोख उत्तर मला एका नॉर्वेजियन चित्रपटात सापडले.

‘इन्सॉम्निया’ हा एरिक शोल्ब्यार्ग यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९९७ साली आला. दिग्दर्शक स्वतः ट्रॉम्सोचे, आणि कथाही तिथलीच. ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या उत्तर टोकाकडचे शहर. उत्तर ध्रुववृत्ताच्याही साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर वर. साधारण २० मे ते २२ जुलै या काळात तिथे सूर्य मावळतच नाही. सतरा वर्षांच्या तान्या नावाच्या मुलीचा खून होतो आणि तपासासाठी बाहेरून दोन अधिकारी येतात. त्यांतला मुख्य योनास एंगस्ट्रम. हा मूळचा स्वीडनचा, तिकडे एका प्रकरणात साक्षीदार बाईशीच संबंध ठेवल्यामुळे बदनाम झालेला आणि म्हणून नॉर्वेत आलेला. स्टेलन स्कार्सगार्ड यांनी तो इतका आवरून केला आहे की चेहऱ्यावरची एखादी शीर हलली तरी मोठी घटना घडल्यासारखे वाटते. सोबतचा विक हा वयस्कर आणि विसरभोळा. मारेकऱ्याने मृत मुलीचे केस धुतलेले आहेत, नखे साफ केलेली आहेत. म्हणजे पुरावा कशात असतो हे त्याला पोलिसांइतकेच कळते.

समुद्राकाठच्या एका झोपडीत मुलीचे दप्तर सापडते. एंगस्ट्रम सापळा लावतो: दप्तर अजून मिळालेले नाही असे जाहीर करायचे, म्हणजे मारेकरी ते न्यायला येईल. तो येतोही. पण झोपडीखाली भुयार निघते, मारेकरी त्यातून निसटतो आणि बाहेर दाट धुके पसरलेले असते. नॉर्वेचे पोलीस तेव्हा रोजच्या कामात पिस्तूल बाळगत नसत. एंगस्ट्रमने मात्र आपले स्वीडनचे शस्त्र जवळ ठेवलेले आहे. धुक्यात एक आकृती हलते, तो गोळी झाडतो, आणि जवळ जाऊन पाहतो तो विक पडलेला. उजवीकडे जा म्हणून सांगितले होते, तो विसरून डावीकडे आला.

इथवर हा अपघातच आहे, आणि हे नीट ध्यानात घ्यायला हवे, कारण चित्रपटाबद्दल बोलताना बहुतेक जण ‘आपल्या सहकाऱ्याला मारणारा पोलीस’ असे म्हणून मोकळे होतात. धुक्यात जे घडले त्याबद्दल एंगस्ट्रमला फार तर निष्काळजीपणाचा जाब द्यावा लागला असता. त्याचा गुन्हा घडतो तो नंतर. इतर पोलीस धावत येतात, मारेकऱ्यानेच गोळी घातली असे धरून चालतात, आणि तो ते खोडून काढत नाही. कोणी पिस्तूल रोखलेले नाही, झटापट नाही. एक वाक्य बोलायचे राहते, एवढेच. धुके तोवर सरलेले असते. चूक झाली ती काही दिसत नसताना, आणि गुन्हा झाला तो लख्ख उजेडात, चार माणसांच्या देखत.

यानंतर एंगस्ट्रम हॉटेलातल्या आपल्या खोलीत जातो आणि चित्रपटाचा खरा कैदखाना सुरू होतो. खोली अगदी साधी आहे: एक पलंग, एक खिडकी, खिडकीला गुंडाळून वर जाणारा पडदा. त्या पडद्याच्या कडेने ऊन आत येते. रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि पलंगावर उन्हाची पट्टी पडलेली असते. तो पडदा ओढतो, फटी बुजवतो, तरीही ऊन येतच राहते. कैद म्हटले की आपल्याला काळोखी कोठडी, उंचावरची गजांची खिडकी, तीतून येणारी प्रकाशाची तिरीप, आणि तिच्याकडे आशेने पाहणारा कैदी दिसतो. इथे तिरीप हाच पहारेकरी आहे.

उजेडाचा हा जाच मला रात्रपाळीमुळे माहीत आहे. सकाळी घरी यायचे आणि जग कामाला लागलेले असताना आडवे व्हायचे. खिडकीच्या तावदानांना मी आतून खाकी कागद चिकटवला होता, पण मुंबईच्या दमट हवेत त्याच्या कडा सुटायच्या आणि दहा-साडेदहाच्या सुमारास त्या सुटलेल्या कडेतून एक पिवळी रेघ भिंतीवर उमटायची. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाळी, जिन्यावरच्या चपला, हे सगळे सहन व्हायचे. कानाला सवय होते. ती रेघ मात्र सहन व्हायची नाही. डोळे मिटले तरी ती आहे हे कळायचे. माझ्या मनावर तेव्हा उद्याच्या वीजबिलाखेरीज कसलेही ओझे नव्हते, तरीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे माझ्याकडे जरा जास्तच रोखून पाहत आहेत असे वाटू लागायचे.

मिटलेल्या डोळ्यांनाही उजेड का कळतो, याचा उलगडा अलीकडचा आहे. दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्या चित्र बनवत नाहीत, उजेड किती आहे एवढेच मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. दृष्टी गेलेल्या अनेक माणसांतही त्या शाबूत राहतात. उजेड आहे म्हटल्यावर झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन पाझरायचे थांबते. या पेशींचे काम सिद्ध करणारे शोधनिबंध २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि योगायोग असा की हॉलिवूडने याच कथेचा नवा अवतार त्याच वर्षी पडद्यावर आणला. शरीराच्या आत, आपल्या इच्छेला न जुमानता, उजेडाची नोंद ठेवणारा एक कारकून बसलेला आहे. एंगस्ट्रमला बाहेरच्या लोकांना फसवता येते, त्या कारकुनाला नाही.

पण केवळ जागरणाने माणूस वेडापिसा होतो, एवढेच सांगायचे असते तर चित्रपट मामुली ठरला असता. खोली एंगस्ट्रमला छळते याचे कारण त्याच्या धंद्यात आहे. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या खोल्यांत शिरून, कोणाला दिसणार नाही ते पाहत आला आहे. पडद्याची फट, गादीवरची सुरकुती, जागेवरून हललेली वस्तू, यांना अर्थ असतो हे त्याच्या हाडीमांसी खिळलेले आहे. आता ती नजर बंद करता येत नाही, आणि पाहायला समोर स्वतःखेरीज कोणी नाही. त्याच्या जागी एखादा कारकून किंवा कोळी असता तर त्याने दारू पिऊन उशीत तोंड खुपसले असते. आपल्याकडे चोराच्या मनात चांदणे म्हणतात, ते याहून फारसे वेगळे नाही. चांदणे इतरांनाही पडलेले असते, पण आपण दिसू ही धास्ती फक्त चोराला असते. ट्रॉम्सोचे बाकीचे लोक त्या उन्हात खुशाल झोपतात. तिथे कोणालाही काही विपरीत वाटत नाही.

मग पुरावे बदलण्याचा उद्योग सुरू होतो, आणि इथे दिग्दर्शकाची पकड विलक्षण आहे. विकच्या शरीरातून निघालेली गोळी तपासणीला जाणार. प्रत्येक पिस्तुलाच्या नळीतल्या आट्यांच्या खुणा तीतून सुटलेल्या गोळीवर उमटतात, आणि दोन गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवल्या की त्या एकाच हत्याराच्या आहेत की नाहीत हे ताडून पाहता येते. एंगस्ट्रमला हे प्रयोगशाळेतल्या माणसाइतकेच ठाऊक आहे. मारेकऱ्याचे पिस्तूल त्याच्या हाती लागलेले आहे. त्यातून झाडलेली एक गोळी हवी. त्यासाठी तो एका गल्लीत जिवंत कुत्र्याला मारतो आणि त्याच्या अंगातली गोळी काढून घेतो. पडद्यावर हे काही क्षणांचे काम आहे, पण माझ्या मते चित्रपटातला सर्वांत क्रूर प्रसंग हाच. धुक्यात मेलेला विक हा अपघात होता. हे कुत्रे भरदिवसा, थंड डोक्याने मारलेले आहे. पुढे ते पिस्तूल तो तान्याच्या मित्राच्या खोलीत लपवून ठेवतो. पोरगा तिरसट आहे, पण खुनी नाही. ज्याला स्वतःच्या खोलीत निर्दोष माणसासारखे झोपता येत नाही, तो दुसऱ्याची निर्दोष खोली गुन्हेगाराची करून टाकतो, आणि पोलीस त्या खोलीत शिरतात तेव्हा जागा खोटे बोलते.

आपल्या न्यायालयांनाही या धास्तीने पछाडलेले आहे, अर्थात वेगळ्या रूपात. फिर्याद देणारा आणि तपास करणारा पोलीस अधिकारी एकच असेल तर त्या तपासावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न अमली पदार्थांच्या खटल्यांत वारंवार येतो. २०१८ साली मोहनलाल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, असा तपास आरोपीवर अन्याय करणारा आहे, अशी ठाम भूमिका घेतली. दोनच वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२० रोजी, मुकेश सिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती बदलली आणि तेवढ्यावरून खटला आपोआप ढासळत नाही, पक्षपात झाला की नाही हे त्या-त्या प्रकरणात पाहावे, असे सांगितले. कायद्याच्या दृष्टीने दुसरा निकाल व्यवहार्य असेलही. पण तपास अधिकाऱ्याच्या मनात काय होते हे ‘त्या-त्या प्रकरणात पाहायचे’ कोणी, आणि कोणत्या कागदावरून? मुद्देमाल सील करतो तोच, लाखेवर ठसा उमटवतो तोच, जबाब लिहून घेतो तोच.

तपास करणाराच गुन्हेगार ही कल्पना अर्थातच फार जुनी आहे. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात सोफोक्लीसने रंगवलेला थीब्जचा राजा इडिपस हाच शोध घेतो: नगरात रोगराई माजली आहे, वेशीच्या आत कोंडलेली माणसे पटापट मरत आहेत, आधीच्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय सुटका नाही, आणि राजा भर दरबारात त्या खुन्याला शाप देतो. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने त्याला मराठीत आणले. इथेही कोंडलेली जागा आहे आणि तिची अवकळा एका माणसाच्या पापाचा आरसा आहे. मात्र इडिपसला आपण कोण हे माहीत नसते. तो प्रामाणिकपणे खणत जातो, आणि सत्य सापडल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतो, म्हणजे उजेडाशी असलेला हिशोब एका घावात मिटवतो. एंगस्ट्रमची अडचण अशी की त्याला पहिल्या क्षणापासून सगळे माहीत आहे. त्यामुळे त्याच्या तपासाला दोन तोंडे फुटतात: तान्याचा मारेकरी शोधायचा आणि विकचा मारेकरी सापडू द्यायचा नाही. पहिले काम तो उत्तम करतो. किंबहुना दुसरे काम साधावे म्हणूनच ते इतके उत्तम करतो.

त्यात मारेकरी होल्ट हा लेखक निघतो, आणि धुक्यात काय झाले हे त्याने पाहिलेले असते. दोघे एकमेकांना बांधले जातात. त्या अख्ख्या शहरात एंगस्ट्रमला ज्याच्याशी खरे बोलता येते असा एकच माणूस उरतो, आणि तो एका मुलीचा खुनी असतो. लहान गावात बाहेरून आलेल्या माणसाला जो एकटेपणा जाणवतो, त्याला इथे फारच विद्रूप वळण लागते.

२००२ चा अमेरिकन अवतार ख्रिस्तोफर नोलन यांचा. तिथे कथा अलास्कातल्या नाइटम्यूट या गावात नेली आहे. या नावाचे खरे गाव आहे, पश्चिम अलास्कातल्या नेल्सन बेटावर, पण ते ध्रुववृत्ताच्या बरेच दक्षिणेला असल्यामुळे तिथे उन्हाळ्यातही सूर्य मावळतो; चित्रपटातले गाव हे नावापुरतेच खरे. अल पचिनो यांनी केलेला विल डॉर्मर लॉस एंजेलिसहून येतो तोच एक ओझे घेऊन. त्याच्या जुन्या प्रकरणांची खात्यांतर्गत चौकशी चालू आहे, आणि सहकारी हॅप चौकशी अधिकाऱ्यांना माहिती द्यायला तयार झाला आहे. धुक्यात मरतो तो हॅपच. आता डॉर्मरला स्वतःलाच सांगता येत नाही, की गोळी चुकून सुटली की नाही. या बदलामुळे कथेला एक नवी खोली मिळते हे मान्य, पण काहीतरी हरवतेही. एंगस्ट्रमला विकला मारण्याचे कोणतेही कारण नव्हते. तरीही तो अपराधी ठरतो, हे जास्त भेदक आहे. आणि डॉर्मरचे कुत्रे आधीच मेलेले असते. हॉलिवूडला नायकाच्या हातून पोलीस मेलेला चालतो, कुत्रे मेलेले चालत नाही!

तरी त्यातला एक प्रसंग मूळ चित्रपटाच्या तोडीचा आहे. अनेक रात्री न झोपलेला डॉर्मर खिडकीवर हाताला येईल ते रचून फटी बुजवतो आहे. त्या खडखडाटाने शेजारच्या खोलीतल्या माणसाने तक्रार केली म्हणून हॉटेलची मालकीण रेचेल दारात येते. इथे किती उजेड आहे, असे तो वैतागून म्हणतो. ती म्हणते, नाही, इथे अंधार आहे. आणि दिवा लावते. तेव्हा आपल्याला पहिल्यांदा कळते, की आतापर्यंत आपण खोली पाहत होतो ती त्याच्या डोळ्यांनी. मग तो तिला एक जुनी गोष्ट सांगतो: एका लहान मुलाचा खुनी सुटू नये म्हणून त्याने मुलाचे रक्त नेऊन त्या माणसाच्या घरी ठेवले होते. तो माणूस खुनी होता याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. म्हणजे दुसऱ्याच्या खोलीला खोटे बोलायला लावणे हे इथे धुक्याच्याही आधी घडून गेले आहे, आणि तेही एका चांगल्या हेतूने, शांत मनाने, बहुधा गाढ झोप लागत असतानाच्या दिवसांत. रेचेल न्यायनिवाडा करत नाही. तिच्या मते तो त्याचा त्याने करायचा आहे.

दोन्ही चित्रपटांत सत्य ओळखते ती एक स्थानिक पोलीस बाई, आणि दोघींच्या हाती लागते ती एक रिकामी पुंगळी. गोळी बदलता येते. झाडताना बाजूला उडालेली पुंगळी मात्र दगडांत कुठे पडली हे धुक्यात कोणाला दिसणार? नॉर्वेची हिल्डे ती एंगस्ट्रमला परत देते आणि त्याला जाऊ देते. होल्ट आधीच धक्क्याच्या कुजलेल्या फळ्यांतून पडून मेलेला असतो, प्रकरण मिटलेले असते, आणि एंगस्ट्रम शिक्षा न होता गाडीत बसून निघून जातो. अमेरिकेतला डॉर्मर मात्र मरतो, आणि मरताना पुंगळी फेकून देऊ पाहणाऱ्या एलीला अडवतो. मला पहिला शेवट अधिक खरा वाटतो. डॉर्मरला मरणाने का होईना, झोप मिळते. एंगस्ट्रमला तीही मिळत नाही, आणि हिल्डेने दिलेली मोकळीक ही शिक्षेपेक्षा सौम्य आहे असे मला तरी म्हणवत नाही.

पण एलीच्या बाबतीत एक गोष्ट नोलनच्या चित्रपटात आहे, तिचा उल्लेख टाळता येत नाही. हॅपच्या मृत्यूचा अहवाल लिहायचे काम तिच्याकडे आहे. ती तरुण आहे, डॉर्मरच्या जुन्या प्रकरणांचा तिने अभ्यास केला आहे, आणि त्याच्याबद्दल तिला भक्तीच म्हणावी इतका आदर आहे. ती अहवाल घेऊन सहीसाठी त्याच्याकडे येते. सगळे त्याला हवे तसेच लिहिलेले आहे. एक सही केली की प्रकरण कायमचे बंद. तो कागद वाचतो, आणि सही करण्याऐवजी, पाठवण्याआधी सगळे तपशील पक्के करून घे, अहवालावर नाव तुझे जाणार आहे, असे सांगून तिला माघारी पाठवतो. याला पश्चात्ताप म्हणावे असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. पश्चात्ताप असता तर तो तिथेच खरे सांगून मोकळा झाला असता, पण त्यानंतरही तो खोटे बोलतच राहतो. रात्रपाळीत आमचे एक वृद्ध मुद्रितशोधक होते. घरातल्या कितीही विवंचनेत, अगदी ताप अंगात असतानाही, चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या हातून पुढे जात नसे. डॉर्मरचे तसेच झाले आहे. कच्चा कागद पुढे जाऊ द्यायचा नाही ही त्याच्या हाताची सवय त्याच्या खोटेपणाहून जुनी आहे, आणि झोप नसलेल्या माणसाकडे शेवटी जे उरते ते सवयींपुरतेच असते. एली कागद परत घेते आणि पुन्हा समुद्रकाठी जाऊन, कोण कुठे उभे होते, याची मापे नव्याने घेऊ लागते.